खिद्रापूरला गेलात तर खालीपण बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

त्रिपुरारी पौर्णिमा झाली की एक-दोन दिवसात खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा फोटो सगळ्या पेपरात येतो, आपल्याकडंही येतो. ड्रोनमधनं काढलेला, मधे स्वर्गमंडपाचं, म्हणजे देवळापुढच्या मोकळ्या मंडपाचं ते गोल, खाली पणत्या, भोवती माणसंच माणसं. फोटो भारी असतो यात वादच नाही आणि त्या फोटोमुळंच पुण्या-मुंबईचे लोक आता वाट वाकडी करून खिद्रापूरला यायला लागलेत ही पण चांगलीच गोष्ट आहे. पण माझं म्हणणं असं आहे की ह्या एका फोटोनं सगळ्यांच्या माना वर गेल्यात आणि मंदिराला खरा धोका आहे तो खाली, जोत्यात, तिथं कोरलेल्या हत्तींच्या पायाशी, जिथं मोठ्या पुरात कृष्णेचं पाणी येऊन थांबतं. त्यावर कुणी बोलत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, जागेसाठी काटायचं झालं तर वरचं काटा पण शेवटी जे मागितलंय तेवढं ठेवा ही विनंती.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खिद्रापूर म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचं, शिरोळ तालुक्याचं अगदी शेवटचं टोक. इचलकरंजीवरनं कुरुंदवाड, तिथनं अकिवाट, राजापूर असं करत उसातनं जाणारा रस्ता गावात जाऊन संपतो, कारण पुढं नदी आणि नदीपलीकडं कर्नाटक. कृष्णा इथं असा काही वळसा घेते की गावाच्या तीन बाजूला पाणीच. नरसोबावाडीला पंचगंगा कृष्णेत मिळते, तिथनं ते सगळं पाणी खाली येतं, आणि खिद्रापूरच्या पुढं यडूरच्या बाजूला दूधगंगा पण येऊन मिळते. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मंदिर बाराव्या शतकातलं, आपल्या शिलाहारांचं. आपल्या म्हणायचं कारण ह्या घराण्याचं सगळं कोल्हापूर-पन्हाळा-वळिवडे ह्याच पट्ट्यात झालं, अंबाबाई त्यांचं दैवत, पन्हाळ्याचं नाव राजा भोजाशी जोडलेलं ते त्यातल्याच दुसऱ्या भोजाशी. कोपेश्वराचं काम गंडरादित्य शिलाहाराच्या नावावर सांगतात. हा गंडरादित्य माणूस म्हणून पण विचार करण्यासारखा, मिरज भागात त्यानं एक मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठावर शिव, बुद्ध आणि जिन अशी तिन्ही देवळं उभी केली असं ताम्रपटातच आहे. खिद्रापुरातसुद्धा कोपेश्वरापासनं चालत जाण्याच्या अंतरावर शिलाहार काळातली जैन बस्ती म्हणजे जैन मंदिर आहे आणि कोपेश्वर बघायला आलेली निम्मी माणसं ती न बघताच गाडीत बसतात, ह्याचं मला दर वेळी वाईट वाटतं. नंतर इ.स. १२१२ च्या आसपास देवगिरीच्या यादव सिंघणानं दुसऱ्या भोजाचा पराभव केला आणि शिलाहारांचं राज्य संपलं. पण देऊळ संपलं नाही, ते पुढं बघूच.

त्याच्याही आधीचं सांगायचं तर इ.स. १०५४ ला चोळ आणि चालुक्य ह्यांची कोप्पमची जी मोठी लढाई झाली, ज्यात चोळांचा राजा राजाधिराज हत्तीवर असताना मारला गेला आणि त्याच्या भावानं तिथंच रणावर राज्याभिषेक करून घेऊन लढाई फिरवली, ते कोप्पम म्हणजे हेच गाव असं काही अभ्यासक मानतात. काही जण कर्नाटकातलं कोप्पळ म्हणतात. काही असो, कृष्णेच्या ह्या वळणाला त्या काळात चांगलंच महत्त्व होतं, नाहीतर एवढं देऊळ इथं कोण कशाला बांधेल.

आता स्वर्गमंडप. त्याबद्दल थोडं लिहितोच, कारण तिथं पण लोक फक्त रील करून निघतात. चारी बाजूनं मोकळा असा हा मंडप, एकूण ४८ खांब, त्यातले बारा आतल्या गोलाला. छताचे दगड एकावर एक पुढं सरकवत आणलेत आणि मधे साधारण १३ फुटांचं गोल भगदाड मोकळं ठेवलंय, त्याच्या बरोब्बर खाली तेवढीच मोठी गोल शिळा. होमाचा धूर वर जावा म्हणून वर मोकळं ठेवलं असं गावात सांगतात. ह्या गोलाच्या कडेनं दिक्पाल, म्हणजे दिशांचे राखणदार देव, आपापल्या वाहनावर बसलेले आहेत, कार्तिकेय आहे, एकेकाचे दागिने, एकेकाचं बसणं वेगळं. खांब बघाल तर खाली चौकोन, मग अष्टकोन, मग गोल, आणि गोल भाग असा गुळगुळीत की हात लावला तर बोटाला कुठं खाचसुद्धा लागत नाही. काळ्या कठीण दगडावर हे काम केलंय, मऊ दगडावर नाही.

आणि कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र ह्या गोलावर, डोक्यावर येतो त्यामागं साधं खगोल आहे, ते कुणीतरी तिथं लोकांना समजावून सांगायला पाहिजे. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला साधारण १८ अंश गेलेला असतो म्हणजे चंद्र उत्तरेला साधारण १८ अंशावर, आणि खिद्रापूरचं अक्षांश १६.७ च्या जवळपास. त्यामुळं मध्यरात्रीच्या सुमाराला तो इथं जवळजवळ डोक्यावर येणारच. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यानं काही वर्षी तो अगदी मधोमध येतो आणि काही वर्षी थोडा बाजूला राहतो, म्हणून एखाद्या वर्षी चंद्र मधे दिसला नाही तर पुजाऱ्यांवर आणि गाववाल्यांवर चिडायचं कारण नाही. सूर्याचं पण तसंच, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य इथं दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर माथ्यावर असतो, वरच्या गोलातनं पडलेलं ऊन खालच्या शिळेवर उतरतं आणि तिथं उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. ऑगस्टात ढग असतात पण मे मधे शाळांना सुट्टी, आकाश मोकळं, गर्दी नाही. एका तरी शाळेनं त्या दिवशी पोरं नेऊन हे दाखवावं असं फार वाटतं. अंबाबाईच्या किरणोत्सवाला नोव्हेंबरात ९, १०, ११ ला आपण घड्याळ लावून बसतो, किरणं पायावर आली का कमरेवर आली का मुखावर आली ह्याची बातमी करतो, वाटेतल्या अडथळ्यांवर चर्चा करतो. तेवढंच लक्ष इथं पण द्यायला काय हरकत आहे.

स्वर्गमंडपातनं सरळ आत बघितलं की सभामंडप, त्याच्यापुढं अंतराळ म्हणजे मधली छोटी खोली आणि मग गाभारा. आत अंधार आहे, डोळे सरावायला वेळ द्यावा लागतो आणि लोक तेवढा वेळ देत नाहीत. गाभाऱ्यात दोन लिंगं, एक कोपेश्वर म्हणजे महादेव आणि दुसरा धोपेश्वर म्हणजे विष्णू. दक्षाच्या यज्ञात सतीनं उडी घेतली, महादेव कोपले, त्यांना शांत करायला विष्णू इथं आले म्हणून दोघं शेजारी आहेत अशी कथा. आणि समोर नंदी नाही. सती माहेरी गेली ती नंदीवर बसून, म्हणून नंदी इथं नसून पलीकडं यडूरला आहे असं सांगतात. नदीच्या अल्याड देव आणि पल्याड नंदी, मधे राज्याची हद्द आली तरी दोन्हीकडची माणसं दोन्हीकडं जातात, हे मला ह्या भागाचं सगळ्यात आवडतं.

भाषेचं पण तसंच. मंदिरात डझनभर तरी शिलालेख आहेत आणि एक सोडला तर बाकीचे जुन्या कन्नडात. तो एक संस्कृत, देवनागरी लिपीतला, दक्षिण दाराजवळ, यादव सिंघणाचा, शके ११३६ चा म्हणजे इ.स. १२१३-१४ चा. मिरज भागातलं एक गाव कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे बघा, शिलाहारांना हरवून वर्ष-दोन वर्षं पण झाली नाहीत आणि नव्या राजानं जुन्या राजाच्या देवाला गाव लावून दिलं. एवढी मोठी गोष्ट भिंतीवर लिहिलेली आहे, आणि आपण त्या भिंतीला पाठ टेकून फोटो काढतो कारण तिथं काय लिहिलंय हे सांगणारी एक ओळ आपल्या आजच्या मराठीत नाही. कन्नडातले लेख तर बाजूलाच राहिले. ह्यात येणाऱ्या माणसाचा दोष नाही, त्याला कळायला काही साधनच नाही.

आता मुद्द्याचं. मंदिराच्या बाहेरनं, गाभाऱ्याच्या मागच्या बाजूनं एकदा शांतपणे प्रदक्षिणा घाला आणि मान खाली घाला. सगळं देऊळ हत्तींच्या रांगेवर उभं केलंय, त्याला गजपीठ म्हणतात. भिंत सरळ नाही, चांदणीसारखी कोन घेत घेत फिरते आणि तिच्याबरोबर हत्ती पण वळत वळत जातात. प्रत्येक हत्तीची झूल वेगळी, गळ्यातल्या घंटा वेगळ्या, काहींच्या पाठीवर देव बसलेत. बऱ्याच सोंडा तुटलेल्या आहेत, वरच्या सुरसुंदरींचे म्हणजे भिंतीवरच्या स्त्रीमूर्तींचे हात, चेहरे पण फोडलेत, ते आक्रमणात झालं आणि ते आता परत येणार नाही. पण जे राहिलंय ते अजून रोज थोडं थोडं जातंय. मागच्या पावसाळ्यानंतर मी गेलो तेव्हा एका हत्तीच्या पुढच्या दोन पायांच्या मधे गाळ बसलेला होता, वरनं वाळून पापुद्रे सुटलेला आणि आत बोट घातलं तर ओलाच. त्या गाळात हिरवळ उगवलेली. आणि पायाच्या नखांवर जे बारीक कोरीव काम आहे तिथं दगडाचा वरचा थर फुगून आलेला, नुसतं बोट लागलं तर पूड पडेल असा. शेजारच्याच हत्तीला मात्र काही नाही, लख्ख. म्हणजे पाणी कुठं थांबतं आणि कुठनं निघून जातं ह्यावर सगळं आहे.

शिरोळ तालुक्याला पूर नवा नाही. नरसोबावाडीला पाणी चढलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, पादुकांवरनं पाणी जातं, लोक त्यात स्नान करतात, पुराला देव मानणारी आपली माणसं. पण २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर वेगळे होते. २०१९ ला तर खिद्रापूर, राजापूर, अकिवाट ह्या गावातल्या लोकांना जनावरं घेऊन घरं सोडावी लागली. ह्या भागातलं पाणी धावत येत नाही, ते फुगतं. खाली दूधगंगा येऊन मिळते तिथनं पुढं सरकत नाही, वरनं पंचगंगा-कृष्णेचं येत राहतं आणि मग सगळं दिवसेंदिवस तुंबून राहतं. वाहत्या पाण्यापेक्षा असं थांबलेलं पाणी जुन्या बांधकामाला वाईट. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं किती फुगतं आणि कशामुळं किती, धरणाची उंची ५१९ वरनं ५२४ मीटरवर नेली तर काय होईल, ह्यावर दोन राज्यांत जे चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात मी पडत नाही. पण त्या सगळ्या चर्चेत घरं येतात, ऊस येतो, जनावरं येतात आणि ते बरोबरच आहे, माणसं आधी. फक्त नंतर कधीतरी ह्या देवळाचं नाव यायला पाहिजे ते येत नाही.

जुन्या बांधणीत दगडावर दगड बसवलेत, मधे चुना नाही, वजनावर आणि खाचांवर सगळं उभं आहे. पाणी सांध्यात शिरतं, बरोबर बारीक गाळ नेतं, पाणी ओसरतं आणि गाळ आत राहतो. तो गाळ ओल धरून ठेवतो, उन्हात वाळताना क्षार दगडाच्या तोंडाशी येऊन साठतात आणि वरचा थर उचलतात. हेच हत्तीच्या पायाला झालंय. बी पडलं तर पिंपळ येतो आणि त्याची मुळं सांधा उघडतात. असा सांधा सिमेंटनं बुजवला की झालं असं वाटतं पण ते उलट पडतं, कारण सिमेंट पाणी बाहेर येऊ देत नाही आणि मग ते दगडातनंच वाट काढतं.

पूर ओसरल्यावर गावातली पोरं घर धुवायच्या आधी देऊळ धुवायला येतात, हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही पण तसं आहे आणि त्याबद्दल त्यांच्या पाया पडावं तेवढं थोडं. पण त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मोटार लावून पाइपचा फवारा थेट कोरीव कामावर मारला तर गाळाबरोबर सुटलेला थर पण जातो. तारेचा ब्रश तर अजिबात नको. गाळ ओला आहे तोवर लाकडी पट्टीनं आणि मऊ ब्रशनं काढायचा, साधं पाणी हळू सोडायचं, साबण-पावडर-अॅसिड काही नाही, एवढं जरी त्यांना एकदा दाखवलं तरी निम्मं काम होईल. हे शिकवायला मोठा निधी लागत नाही, जाणकार माणूस एक दिवस गावात येऊन बसला तरी पुरे.

आणि पौर्णिमेच्या रात्रीचं पण बोलायलाच पाहिजे, कुणाला राग आला तरी. पणत्या लावाव्यात, दिवाळी-पौर्णिमेला दिवे नाही लावायचे तर कधी लावायचे. पण तेल जे सांडतं ते दगडात मुरतं, चिकट थर होतो, त्यावर धूळ बसते आणि दगड काळा पडत जातो, स्वर्गमंडपातल्या शिळेवर आणि खांबांच्या बुडाशी हे डोळ्यांनी दिसतं. पणतीखाली एक पत्र्याची किंवा मातीची ताटली ठेवली तर सांडलेलं तेल तिच्यात राहील. खांबांना टेकून, कठड्यावर चढून चंद्र बघायची गरज नाही, एका वेळी थोडी माणसं आत सोडली तर सगळ्यांनाच नीट बघायला मिळेल. अंबाबाईला नवरात्रात आपण रांगेत उभं राहतोच की.

तर मागणं एवढंच आहे. दर वर्षी पाणी ओसरल्यावर, दसऱ्याच्या आत, जाणकार माणसांनी गजपीठाची हत्ती-हत्ती करून पाहणी करावी, फोटो त्याच जागेवरनं त्याच कोनातनं काढावेत म्हणजे मागच्या वर्षीशी ताडून बघता येईल, आणि ती पाहणी गावच्या चावडीत आणि पेपरात दोन्हीकडं लावावी. पुरात पाणी कुठंपर्यंत चढलं होतं त्याच्या खुणा आवारात, मंदिराच्या दगडावर नाही तर बाजूला वेगळा खांब रोवून त्यावर, साल घालून कराव्यात. सगळ्या शिलालेखांचे कागदी ठसे ताबडतोब घ्यावेत, कारण खालच्या बाजूचे लेख झिजायला लागले तर नंतर वाचायला काही उरणार नाही, आणि ठसा म्हणजे ओला कागद, ब्रश आणि शाई, यापलीकडं काही लागत नाही. आपल्याकडं शिवाजी विद्यापीठ आहे, इतिहास शिकणारी पोरं आहेत, जुनं कन्नड वाचणारी माणसं पलीकडच्या धारवाडला आहेत, दोघांना एकत्र बसवलं तर प्रत्येक लेखाशेजारी त्याचा मराठी आणि आजच्या कन्नडातला अर्थ लिहिलेला फलक लावता येईल, तो पण भिंतीला खिळा न मारता, जमिनीवर उभा.

आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या पावसाळ्यात पाणी ओसरल्याची बातमी घ्यायला शिरोळला जाल तेव्हा खिद्रापूरपर्यंत जा आणि एक फोटो हत्तींचा काढा, जवळनं, पायांचा. कार्तिकीचा फोटो छापता त्याच जागेवर तो छापा. बोलवलंत तर गावातली माणसं आणि मी सोबत येऊन कुठले हत्ती ओले राहतात ते दाखवू.

कळावे,
आपला नियमित वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर